आज किती टक्के?

पहाटे ५:२०

मोटेलच्या खिडकीला जाड पडदा आहे, पण जुलैत इथे त्याचा काही उपयोग होत नाही. सव्वापाचला उजाडतं आणि रात्री नऊ वाजून गेले तरी आकाशात उजेड रेंगाळत असतो. काल ओल्या गव्हात फिरून बूट भिजले होते, ते रात्रभर एसीच्या झोतासमोर ठेवले होते. अजून दमटच आहेत. खोलीला कुजक्या गवताचा वास येतोय. या हंगामात मला सगळ्या मोटेलांचा वास असाच येतो, त्यामुळे तो मोटेलचा नसून माझाच असावा.

हे बोमन. नॉर्थ डकोटाच्या नैऋत्य कोपऱ्यातलं छोटं गाव. पश्चिमेला मोंटानाची सीमा पाऊण तासावर, दक्षिणेला साउथ डकोटाची त्याहून जवळ. मी पीक-गारपीट विम्याची ॲडजस्टर, म्हणजे गारांनी शेतातलं किती गेलं ते मोजून टक्क्यात लिहिणारी. काम हंगामी. बाकीचं वर्ष फार्गोला माती तपासण्यात जातं. निफाडला आमच्या घरी या नोकरीला एकच नाव आहे : पंचनामेवाली.

६:३०

आप्पांचा फोन. निफाडला संध्याकाळचे सहा. ते द्राक्षबागेतून येऊन ओट्यावर बसलेले असतात. खरड छाटणीनंतरच्या काड्या, सबकेन, पाऊस उघडत नाही म्हणून डाऊनी रोगाची भीती, एवढं झालं की ठरलेला प्रश्न येतो.

“काय गं, आज किती टक्के?”

“अजून निघाले नाही, आप्पा.”

“निघ मग. आणि आत शिरून बघ. बांधावरून नको.”

हे वाक्य २०१४ पासूनचं आहे. त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये गारपिटीने अर्धा महाराष्ट्र झोडपला होता. आमची बाग काढणीला आली होती, व्यापाऱ्याशी भावही ठरला होता. वीस मिनिटांत घड फुटले, काड्या सोलल्या. पंचनाम्याला आलेला माणूस बांधावर उभा राहिला, वहीत ४५ लिहिलं आणि पुढच्या गटाकडे गेला. त्याच्यावर तरी किती रागवायचं? त्याच्याकडे शेकडो गट आणि मोजके दिवस. पण तेव्हा मदतीची अट ५० टक्क्यांची होती. पुढच्या वर्षी केंद्राने ती ३३ वर आणली. आप्पांच्या ४५ ला त्याचा उपयोग नव्हता. आकडा कसा निघतो, कोण काढतं, कुठे उभं राहून काढतं, हा प्रश्न मला तिथून लागला. तो मला शेतीशास्त्र शिकायला इतक्या लांब घेऊन आला असं म्हटलं तर नाटकी वाटेल, पण फार खोटंही नाही.

७:१५

कॅफेत कोपऱ्याच्या टेबलावर पायलट पोरं. त्यांतला एक विद्यार्थी, ग्रँड फोर्क्सच्या विद्यापीठाच्या विमानविद्या शाखेतून उन्हाळ्यापुरता शिकाऊ म्हणून आलेला. बाकीच्यांचं वयही फार नाही. तेही माझ्यासारखेच हंगामी : १ जून ते ३१ ऑगस्ट. मी गारा पडून गेल्यावर जाते, ते पडायच्या आधी जातात.

राज्याचा ढग-बीजन प्रकल्प १९७६ पासून चालू आहे. बोमनचे शेतकरी मात्र त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, आपसात पैसे जमवून विमानं उडवत होते. आज बोमन काउंटी आणि शेजारच्या स्लोपचा काही भाग मिळून एक विभाग होतो, दुसरा उत्तरेला. खर्चाचा मोठा वाटा काउंटी उचलते, म्हणजे शेवटी मालमत्ता करातून शेतकरीच. उरलेला राज्य देतं. हेतू दोन : गारा कमी करायच्या आणि जमलं तर पाऊस थोडा वाढवायचा.

आप्पांना मी हे पंगतीवरून समजावलं होतं. ढगात शून्याच्या खाली गेलेलं, तरीही न गोठलेलं पाणी असतं. त्यात बर्फाचा एखादा कण सापडला की हे पाणी त्याच्यावर थिजत जातं आणि तो फुगत फुगत गार होतो. म्हणजे पंगतीला पानं चार आणि लाडू चारशे, मग एकेकाचं पोट फुटेपर्यंत वाढलं जाणारच. विमान तिथे सिल्व्हर आयोडाइडचे सूक्ष्म कण सोडतं. त्यांच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असल्यामुळे उणे पाच अंशांच्या आसपास पाणी त्यांना बर्फच समजून चिकटायला लागतं. पानं वाढली, लाडू तेवढेच. गारा पुष्कळ होतात पण बारक्या, आणि जमिनीपर्यंत येता येता बऱ्याच वितळतात. हा गुण १९४६ साली बर्नार्ड व्हॉनेगट यांनी शोधला. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांचे ते थोरले भाऊ. आप्पा सगळं ऐकून म्हणाले, “आणि वाढप्या उशिरा आला तर?” प्रकल्पाचं सगळं दुखणं या एका प्रश्नात आहे. संध्याकाळी त्याचा प्रत्यय येणार होता, पण सकाळी ते कोणाला ठाऊक?

शिकाऊ पोराने विचारलं, “सात तारखेच्या वादळाचं काय दिसतंय?” त्या रात्री तो विमानात होता. म्हटलं, आजच बघायला चालले आहे.

८:४५

रेम गावाच्या उत्तरेला गहू. १६० एकरांचा चौकोन, इथल्या भाषेत क्वार्टर. हा सगळा मुलूख कागदावर पट्टीने आखलेला आहे : मैल बाय मैलाचा सेक्शन, अशा छत्तीस सेक्शनांची टाउनशिप. आपल्याकडचे गट, पोटहिस्से, आजोबांच्या वेळची वाटणी, विहिरीतला सामाईक हक्क, यांतलं काही नाही. पंचनामा करणाऱ्याचा हेवा वाटावा अशी जमीन.

आज पंधरा तारीख, गारा सातला पडल्या. आठ दिवस मुद्दाम थांबतो. गारांच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक शेत मेलेलं दिसतं. चिरलेलं सुकतं, वाकलेलं उठतं, मेलेलं वाटणारं कधी कधी पालवतं. शेतकऱ्याला ते आठ दिवस फार लांब वाटतात. मालक पिकअपला टेकून उभा होता. साठीचा, टोपीवर बियाणं कंपनीचं नाव. गारांना इकडे ‘पांढरा कंबाइन’ म्हणतात, मालकाच्या आधी येऊन कापणी करून जाणारा. त्याने तो शब्द काढला, पण हसला नाही.

मी आत शिरले. कडेची पंचवीस-तीस पावलं सोडून द्यायची, कारण काठावरचं पीक नेहमी जास्त नाटक करतं. नाकतोडे काठापासूनच खात येतात आणि कुरतडलेलं पान लांबून गारेने फाटल्यासारखं दिसतं. जागा आधी नकाशावर ठरवलेल्या असतात. शेतात गेल्यावर निवडायला लागलं की डोळा आपोआप वाईटाकडे वळतो, किंवा माणूस दमलेला असेल तर बऱ्याकडे. एका जागी सलग शंभर काड्या धरायच्या आणि एकेक सोडत मोजायच्या. ओंबीखाली मोडून लोंबलेली : पूर्ण गेली. ओंबी आहे पण एका बाजूचे दाणे झडलेत : किती झडले ते मोजा. काडीवर पांढरट डाग, म्हणजे गारेचा ठोसा, पण काडी उभी आणि ओंबी भरते आहे : हिला गेली म्हणायचं नाही. हे डाग एकाच बाजूला असतात. त्या रात्री वारा वायव्येकडून होता, तो आठ दिवसांनीही काडीवर लिहिलेला सापडतो.

गहू तेव्हा फुलोऱ्यात होता. आता दाणा दाबला की दुधाळ पांढरं बाहेर येतं. चौथ्या जागी मोडलेल्या काड्या ५२ निघाल्या, पाचवीत १९. मधलं अंतर चालत तीन मिनिटं. गारांचा पट्टा असाच असतो : काही मैल रुंद, कित्येक मैल लांब, आणि कड चाकूने कापल्यासारखी. शेजाऱ्याचा गहू रस्त्यापलीकडे वाऱ्यावर मजेत डोलत होता.

सगळ्या जागांची सरासरी ३८ आली. मालकाला आकडा सांगितला आणि प्रत्येक जागेची मोजणी दाखवली. तो म्हणाला, “मला वाटलं होतं साठ.” मी म्हटलं, चला, तुम्ही जागा निवडा, तिथे परत मोजते. तो निघालाही, मग थांबला. “नको. काल मीही मोजलं होतं. एकेचाळीस आले.”

सही झाली. जाताना त्याने डोक्यावर बोट दाखवून विचारलं, “त्यांनी काही केलं नसतं तर किती झालं असतं?”

मला हे दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. ३८ टक्के गेले ते माझ्या वहीत आहेत. जे जाणार होते आणि गेले नाहीत, ते कोणत्याही शेतात उभे नसतात की मी जाऊन शंभर काड्या धराव्यात. त्याला एवढंच सांगितलं की एका शेतावरून ते कळत नाही. त्याने मान हलवली. त्याला हे उत्तर अपेक्षितच असावं.

११:३०

मका, बोमनच्या पूर्वेला, स्क्रँटनच्या बाजूला. तीस इंचांच्या ओळी असतील तर ओळीतली सतरा फूट पाच इंच लांबी म्हणजे एकराचा हजारावा भाग. दोरी तेवढीच कापून ठेवलेली असते. तेवढ्यात किती झाडं उभी, किती मोडली, ते मोजायचं. मग एखादं झाड उभं चिरून वाढीचा कोंब बघायचा. पांढरा, घट्ट असेल तर ठीक. तपकिरी आणि मऊ झाला असेल तर झाड उभं दिसलं तरी संपलं.

मक्याचं गणित निर्दय आहे. सात पानांवर असताना सगळीच्या सगळी पानं गेली तरी तक्त्यात उत्पन्नाची घट ९ टक्के. तुरा बाहेर पडताना तीच पानं गेली तर १००. वादळ तेच, गारा त्याच, फरक तारखेचा. हा मका अकरा पानांवर सापडला होता आणि पानं नुसती फाटली होती. फाटलेलं पान हिरवं असेल तोवर काम करत राहतं, ते गेलं असं धरत नाहीत. शेत लांबून भिकाऱ्याच्या अंगरख्यासारखं दिसत होतं आणि नुकसान निघालं ४ टक्के. या पॉलिसीत ५ च्या खाली काही मिळत नाही. मालकीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. परत मोजलं. तेच आलं.

अशा वेळी आप्पांचे ४५ आठवतात. मी आत शिरून, दोरी लावून, दोनदा मोजून नाही म्हटलं, पण बाईंच्या हातात शेवटी नाहीच पडलं.

दुपारी १:१०

वाटेवर एका शेतकरीण आजींकडे थांबले. त्या पाऊस-निरीक्षक आहेत, स्वयंसेवक. राज्याच्या वातावरण-संसाधन मंडळाने १९७७ पासून असे शेकडो लोक जोडले आहेत. अंगणात प्लास्टिकचं पर्जन्यमापक, रोज सकाळी बघायचं, गारा पडल्या तर कधी, केवढ्या, किती वेळ, ते कळवायचं. आजींनी टर्कीचं सँडविच पुढे केलं आणि वही दाखवली. पूर्वी त्यांचे यजमान लिहीत, आता त्या लिहितात. अक्षर बदललेलं जागच्या जागी दिसतं.

गारांची मापं इथे नाण्यांत आणि चेंडूंत सांगतात : वाटाणा, गोटी, पाव डॉलर, गोल्फचा चेंडू. पाव डॉलर म्हणजे सुमारे इंचभर. खाली साउथ डकोटात व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० ला आठ इंच व्यासाची गार पडली होती, जवळजवळ पाऊण ते एक किलोच्या मधली. देशातली आजवरची सर्वांत मोठी. ती कशासारखी होती हे सांगायला थेट व्हॉलीबॉलपर्यंत जावं लागलं.

आजींच्या वहीत मला गारांपेक्षा शून्यं जास्त आवडतात. गार पडली की सगळे धावत येऊन सांगतात, फोटो काढतात, फ्रीजरमध्ये ठेवतात. पडली नाही हे लिहायला लोक कंटाळतात. मग कोरी जागा म्हणजे गार नव्हती की निरीक्षक लग्नाला गेला होता, ते पुढे कळतच नाही. आजी मात्र रोज शून्य काढतात, गोल आणि नीट, पहिलीतल्या पोरीसारखं. म्हणाल्या, “गेल्या महिन्यात नातीच्या पदवीदानाला गेले, चार दिवस रिकामे राहिले.” जणू दूध उतू गेलं होतं.

२:३०

पुन्हा मोटेल. लॅपटॉप. सकाळची वही आता टाउनशिप, सेक्शन, पीक, विम्याची रक्कम, टक्के या रकान्यांत बसते. इथून कंपनीकडे, तिथून देशभरातल्या विमा कंपन्यांचे आकडे गोळा करणाऱ्या संस्थेकडे. माझ्या शंभर काड्या टाउनशिपच्या एका ओळीत विरघळतात. त्या ओळीतला मुख्य आकडा म्हणजे दर शंभर डॉलर जोखमीमागे किती डॉलर भरपाई गेली. त्याला लॉस कॉस्ट म्हणतात.

सकाळच्या मालकाच्या प्रश्नाचं जे काही उत्तर आहे ते या ओळींत आहे. संशोधकांनी बीजन होणाऱ्या काउंटींचा लॉस कॉस्ट घेतला आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पूर्व मोंटानातल्या बीजन न होणाऱ्या काउंटींशी ताडून पाहिला. १९९७ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात बीजनाच्या भागात गारपिटीचं पीक-नुकसान सुमारे ४५ टक्क्यांनी कमी निघालं. बीजनाचं समर्थन करणारा प्रत्येक जण हा आकडा सांगतो. मी तो वाचला तेव्हा आधी हसू आलं. ४५! मला जगातला दुसरा कुठलाही आकडा चालला असता.

आणि मग शंका सुरू होतात. विम्याचे आकडे फक्त विमा घेतलेल्या शेतांचे. जिथे गारा जास्त तिथे लोक विमा जास्त घेतात. तीस वर्षांत गव्हाच्या जागी मका आला, सूर्यफूल आलं, आणि मक्याचं तर आत्ताच पाहिलं, काही आठवड्यांत ९ चे १०० होतात. एखादा मोठा पट्टा नेमका भरघोस विमा उतरवलेल्या शेतांवरून गेला तर त्या काउंटीचं वर्ष बिघडतं, तोच चार मैल उत्तरेला गुरांच्या कुरणावरून गेला तर कागदावर गारपीट झालीच नाही. म्हणून एक वर्ष घेऊन काही बोलायचं नाही. दहा घेऊनही जपूनच.

खरी परीक्षा करायची तर नाणं उडवून ठरवायला हवं : आज या ढगात बीजन, उद्याच्या नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ अशी मोठी परीक्षा झाली आणि तिथे परिणाम दिसला नाही. कोलोराडोत १९७२ ला सुरू झालेली राष्ट्रीय परीक्षा तीन उन्हाळ्यांनंतर थांबवली, ठोस काही हाती न लागता. उलट सोव्हिएत काळात ढगांत रॉकेटं सोडून नुकसान ७० ते ९० टक्के घटवल्याचे दावे होत, पण त्यांचा पडताळा बाहेरच्यांना नीट घेता आला नाही. इथे कराच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पात नाणं कोण उडवणार? माझ्या शेतावर येणारा ढग तुम्ही ‘तुलनेसाठी’ सोडून दिला, असं एखाद्या शेतकऱ्याला सांगून बघा.

घरच्यांना वाटतं मी कृत्रिम पावसात काम करते. सोलापूरच्या प्रयोगाचं ते पेपरात वाचतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये तिथे शेकडो ढग निवडून, काहींत बीजन करून आणि काही तसेच सोडून, तुलना केली होती. ते पावसासाठी होतं, गारांसाठी नाही. पण त्यांनी ढग सोडून दिले होते, ही गोष्ट मला इथे बसून फार मोठी वाटते.

मला स्वतःला काय वाटतं? बीजनाने काहीतरी होतं असं वाटतं. ४५ इतकं होतं का, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. माझ्याच आकड्यांतून तो आकडा उद्या नव्याने निघणार आहे, त्यामुळे मी तर मुळीच म्हणू नये. मोजणाऱ्याने निकालाकडे बघत मोजलं की काडी आपोआप वाकते.

४:५०

पेट्रोल पंपावर एक ओळखीचा शेतकरी. गेल्या वर्षी त्याचा दावा मीच केला होता. “ती विमानं आली की ढग फाटतो. आमचा पाऊस पळवतात.” हे इथे जुनं भांडण आहे. सभा होतात, सह्या गोळा होतात, उत्तरेतली वॉर्ड काउंटी बाहेरही पडली. शेजारच्या मोंटानालाही हाच संशय. पूर्वी सीमा ओलांडून थोडं आत जाऊन बीजन करता येई, १९९० च्या दशकात मोंटानाने ती वाट बंद केली.

त्याच्याशी वाद घातला नाही. दुष्काळी उन्हाळ्यात विमानं उडण्याजोगे ढगच कमी असतात. जे दिसतात ते विमानासकट दिसतात, आणि ते न बरसता गेले की माणूस दोन गोष्टी जोडतो. माझ्या आजोळी, सिन्नरच्या बाजूला, दुष्काळात लोकांनी हेच पवनचक्क्यांवर ढकललं होतं. पश्चिमेला ढगांचे कोबी उगवायला लागले होते. त्यानेही पाहिले आणि टाकी अर्धीच भरून निघाला.

६:२०

रेमच्या पुढे खडीच्या रस्त्याला गाडी लावली. फोनवर रडार. सीमेपलीकडे, मोंटानातल्या बेकरच्या अंगाने वादळाची एक पेशी, मध्यभागी जांभळी. सकाळच्या हवामान-फुग्याच्या नोंदीतच हवा अस्थिर होती. दुपारी शहाण्णव फॅरनहाइट झालं होतं. आता वारा पडला, मग उलटा फिरला, वादळाच्या दिशेने ओढला जाऊ लागला. गव्हाची पानंही त्याच बाजूला झुकली.

ढगाचा तळ काळा आणि सपाट, इस्त्री केल्यासारखा. त्याच्यापुढे, जिथे पाऊस नसतो आणि हवा वर खेचली जाते, तिथे विमान दिसलं. दोन इंजिनांचं पायपर, माशीएवढं. तळाला समांतर जायचं, वळायचं, परत यायचं. पंखांच्या टोकाला बर्नर असतात, त्यांत सिल्व्हर आयोडाइडचं द्रावण जळतं. एका वळणावर केशरी ठिपका दिसल्यासारखा वाटला. बाकी काम हवा करते, तीच धूर वर ओढून नेते. त्यात सकाळचा शिकाऊ असेल का?

पण वादळ मोंटानातच वयात आलं होतं. सीमेवर पोचेपर्यंत त्याच्या पोटात गारा तयार असणार. आप्पांचा वाढप्या उशिरा आला होता, तेही स्वतःच्या चुकीने नव्हे, दारातच अडवल्यामुळे.

पहिली गार बॉनेटवर टणकन वाजली. मग चार. मग आवाजाला मोजदाद राहिली नाही. मी गाडी वळवून दक्षिणेला पळवली. काच वाचवायची तर वादळाशी काटकोनात जायचं, त्याच्याबरोबर शर्यत लावायची नाही, हे पहिल्याच हंगामात एक काच घालवून शिकले होते. दोन मैलांवर आवाज थांबला. थांबून मागे आले. रस्त्याच्या कडेला खाली बसून हातात घेतल्या : बहुतेक वाटाण्याएवढ्या, काही गोटीएवढ्या, एखादी पाव डॉलरची. एक फोडून पाहिली. आत पांढरा आणि पारदर्शक थर आलटून पालटून, कांद्यासारखे. तळहातावर पाणी झालं.

आणि तो वास. कापलेल्या गवताचा, ओला, गोडसर. लॉन कापल्यावर हाच वास लोकांना आवडतो.

८:१०

कॅफे बंद होत आलं होतं. विमान उतरलं होतं. शिकाऊ पोराचे केस हेडसेटने चपटे झालेले, हात अजून थोडे थरथरत होते. त्याने विचारलं, “खाली काय पडलं?”

“बारीक. जास्त करून बारीक.”

त्याचा चेहरा उजळला. मी बोलून गेले याचा मला लगेच पश्चात्ताप झाला. मी रस्त्यावरच्या एका जागी पाहिलं होतं, तेही पळून परत आल्यावर. सकाळी शेतकऱ्याला जी शिस्त सांगितली ती संध्याकाळी पोराचा चेहरा बघून मोडली. म्हटलं, “थांब हं, आठ दिवसांनी सांगते.” तो म्हणाला, “नेहमी आठच दिवस?” मी म्हटलं, सात ते दहा. त्याने एक घास घेतला आणि उरलेला चेरी-पाय माझ्याकडे सरकवला.

१०:१५

आजींचा निरोप : पाऊस ०.७२ इंच, गार ०. शून्याला दोन वेळा ठळक केलं होतं. त्यांचं घर पट्ट्यापासून बऱ्याच अंतरावर आहे, पण नोंद ती नोंद.

मग कंपनीचा. तीन नवे दावे. तिसऱ्यातला सेक्शन वाचून उठून बसले. रेमच्या उत्तरेचा गहू, सकाळचाच मालक. सही करून बारा तास झाले नव्हते. आता सकाळच्या आकड्यानंतर जे उरलं होतं त्याच्यातलं किती गेलं ते काढायचं, उरलेल्या ६२ चे टक्के. मोडलेल्या काड्यांत जुनी कोणती, आजची कोणती, हे दुसऱ्या वेळी ओळखायला लागतं. जुनी जखम तपकिरी, नवी हिरवी, पण आठ दिवसांत नवीही तपकिरी होते. म्हणजे उद्या भल्या सकाळी एक फेरी फक्त खुणा बघायला. दाव्याची मोजणी नंतर.

निफाडला आता पावणेदहा झाले असतील. आप्पांचा संदेश आला, फक्त प्रश्नचिन्ह. ३८ लिहून पाठवलं. मग खाली, ‘पुन्हा पडल्या’.

वहीत सकाळच्या पानाखाली रेघ ओढली आणि लिहिलं : रेम, गहू, तेच क्वार्टर, दुसरी वेळ. खुणा १६ जुलै, पहाटे. मोजणी २३ जुलै, ८:४५. बूट परत एसीसमोर ठेवले.